कागद मिटून वाजवताना

गावात एखादा धंदा एकच माणूस करत असला की लोकांना वाटतं, त्याचा मोठा मान असेल. खरं तर त्याला धंद्यातलं बोलायला कोणी नसतं. अमरावतीत मी चौतीस वर्षं पियानो शिकवला. दिवसा एका शाळेत संगीत शिक्षिका, संध्याकाळी घरी शिकवण्या, आणि मंगळवारी शाळा सुटली की बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला. अकोल्यात माझी पियानोवाली तीन घरं होती. पुढे दोन झाली, मग एक उरलं. या लिखाणात मुख्यतः त्या एका घराबद्दल सांगायचं आहे.

त्याआधी पियानो न पाहिलेल्यांसाठी थोडं. पियानो म्हणजे दोनशेच्या वर तारा ताणून बसवलेली लाकडी पेटी. पट्टी दाबली की आत एक छोटी लोकरी हातोडी तारेवर आपटते. लाकूड आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुकतं, तारा उतरतात, आणि मे महिन्यात माझा पियानो सर्दी झालेल्या माणसासारखा बोलतो. मी एप्रिलपासून त्याच्या पायाशी पाण्याचं घमेलं ठेवते. घरी येणाऱ्यांना वाटतं, छत गळतं. तारा जुळवायला वर्षातून एकदा नागपूरहून एक म्हातारे गृहस्थ यायचे. दिवसभर काम आणि कामापेक्षा जास्त गप्पा. ते गेल्यावर दुसरं कोणी मिळालं नाही. तारा पिळायची चावी मी स्वतः विकत घेतली आणि चुकत चुकत ते काम शिकले. तारा जुळल्या, गप्पा मात्र बंद झाल्या.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. मुलाचं गणित सुधारतं असं कुठेतरी वाचून आलेले आईबाप तर नेहमीचेच. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात वाजवायला बोलावलं आणि म्हणाले, पियानो तुमचाच आणा, टेम्पो आम्ही पाठवतो. त्याला उचलायला सहा माणसं लागतात आणि हलवला की तो महिनाभर बिघडलेला राहतो, असं मी सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मंग पेटी आना नं बाई. कोनाले समजते?"

आमचं घर मूळचं नांदगाव खंडेश्वरकडचं, शेतीवाल्यांचं. वडील अमरावतीत मास्तर झाले म्हणून मी शहरात वाढले. घरात भजनाची पेटीसुद्धा नव्हती. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी मला पियानोवर बसवलं ते माझी बोटं लांब होती म्हणून. त्या फार कडक होत्या आणि फार चांगलं शिकवत. पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीत सगळं लिहिलेलं असतं. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात, कुठे थांबायचं, सगळं कागदावर. आपल्याकडच्या गायकाला बंदिशीच्या दोन ओळी मिळतात आणि पुढचा तास त्याचा असतो. मला तो अख्खा तास कागदावर मिळायचा. त्यातला एक सूर बदलणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात आपलं वाक्य घुसडणं, असं सिस्टर म्हणायच्या. ते मला पटलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी परदेशातल्या कोणा माणसानं जे लिहिलं, ते मी अमरावतीत बसून जसंच्या तसं वाजवते, याचा मला अभिमान होता. मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरात मी आणि कपाटभर कागद राहिलो.

अकोल्यातलं शेवटचं घर मुकुंदराव देशपांड्यांचं. ते दिवाणी वकील. गाव सोडून जाणाऱ्या एका मिशनरी डॉक्टरांकडून त्यांनी पियानो घेतला होता, आणि कोणाकडेही न शिकता ते कानानं वाजवायचे. रेडिओवरचं गाणं, देवळातली आरती, पक्षकाराच्या बोलण्याची ढब, काहीही. मी त्यांची मुलगी केतकी हिला शिकवायला जायची. शिकवणी संपली की वकीलसाहेब कोर्टातून येऊन कोट न काढताच बसायचे आणि विचारायचे, "मिस, कागद गाडीत विसरलात तर तुम्ही काय कराल?"

"पुढच्या मंगळवारी येईन," मी म्हणायची. मंगलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसायच्या. मलाही ते उत्तर चांगलं वाटायचं.

केतकी अकरा-बारा वर्षांची असताना लंडनच्या परीक्षेसाठी बसवलेल्या तुकड्याच्या शेवटी स्वतःचे सात-आठ सूर जोडू लागली. लाडिक, वर चढत जाणारे. मी तीनदा सांगितलं, हे लिहिलेलं नाही. चौथ्यांदा मी तिच्या बोटांवर पेन्सिल मारली आणि म्हणाले, "तुला हे लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतं का?" ती परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिनं पियानो सोडला. वकीलसाहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझं त्या घरी जाणं मात्र थांबलं. ती पेन्सिल पुढे कितीतरी वर्षं माझ्या हाताला जाणवत राहिली.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या दिवाळीत मंगलाताईंचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखू आला नाही.

"मिस, यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. आता रोज खुर्ची पियानोपाशी न्यायला लावतात आणि एकच पट्टी दाबत बसतात. तुम्ही येऊन काही वाजवाल का?"

पुढच्या मंगळवारी मी गेले. वकीलसाहेब चाकांच्या खुर्चीत, पियानोच्या डाव्या टोकाला. अंगात स्वेटर, दाढी मंगलाताईंनी केलेली दिसत होती. मला पाहून त्यांचे डोळे भरले. एकच शब्द त्यांच्याकडे शिल्लक राहिला होता. "हो" नाही, "नाही" नाही, बायकोचं नाव नाही. फक्त "पण". आयुष्यभर कोर्टात तो शब्द इतका वापरला, म्हणून राहिला असेल.

मी पुस्तक उघडलं आणि माझं सगळ्यात चांगलं वाजवलं. संथ, सुंदर, एकही चूक नाही. ते खिडकीकडे बघत राहिले. संपल्यावर डाव्या हातानं त्यांनी पुस्तक ओढलं आणि खाली पाडलं. मग पियानोच्या खालच्या बाजूला तीन सूर वाजवले, थांबले, आणि माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, ओळखायला सांगताहेत. मी तेच तीन सूर वर वाजवून दाखवले. त्यांनी नकाराची मान हलवली. "पण," म्हणाले. पुन्हा तेच तीन सूर, पुन्हा माझ्याकडे नजर. मी पुन्हा तेच वाजवले, थोडे हळू. "पण. पण." तिसऱ्यांदा मी काहीच वाजवू शकले नाही. हात पट्ट्यांवर ठेवून बसून राहिले. हा माणूस माझ्याशी बोलत होता. विचारत होता काहीतरी, आणि मी त्याचाच प्रश्न त्याला परत ऐकवत होते. त्यांनी झाकणावर मूठ आपटली. मंगलाताईंनी खुर्ची आत नेली.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी रडत होते. समोरच्या बाईनं विचारलं, "कोनी गेलं का?" मी नाही म्हणाले. काय सांगणार होते? चौतीस वर्षं जे शिकवलं ते मलाच येत नव्हतं, हे सांगून तिला काय कळलं असतं?

अमरावतीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात वामनभाऊ तायडे बसायचे. मूळचे चांदूर रेल्वेचे. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेला, आता पेट्यांचे भाते शिवायचे. शाळेची पेटी मी त्यांच्याकडेच पाठवत असे. गायक कुठल्याही पट्टीत सुरू झाला, मधेच ओळ विसरला, दोन कडवी गाळून तिसऱ्यावर गेला, तरी हे त्याला सांभाळून घेत, अशी त्यांची ख्याती होती. मी जाऊन सरळ म्हणाले, "भाऊ, मला कागदाशिवाय वाजवायला शिकायचं आहे."

त्यांनी सुई बाजूला ठेवली. "तुमी तं पियानोवाल्या बाई. लंडनच्या परीक्षा घेता. मी तुमाले काय शिकवू?"

मी अकोल्याचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या मानसानं 'कसे आहा' म्हनलं, अन् तुमी बी 'कसे आहा' म्हनलं. असंच झालं नं?"

"असंच झालं."

"मंग येतो मी शनिवारी. माह्या कीबोर्डावर नाही, तुमच्याच पियानोवर शिकू."

ते आले, पियानोच्या पायाशी उन्हाळ्यापासून तसंच राहिलेलं घमेलं बघून काही विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. नोटेशनचं पुस्तक मिटून त्यांनी कपाटावर ठेवलं. "काळ्या पाच पट्ट्या घ्या. पांढरीले हात लावाचा नाही. या पाचांत कोनती बी कोनत्या बी मागून आली तरी वंगाळ वाजत नाही."

ते खरं आहे. त्या पाच काळ्या पट्ट्यांत आपला भूप राग बसलेला असतो. मी आयुष्यभर त्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं, मीही शोधलं नव्हतं.

"आता पाच मिनिटं वाजवा. थांबाचं नाही."

मी दहा-बारा सूर वाजवले आणि थांबले. पुढे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तळव्यांना घाम. परीक्षकासमोर कधी आला नव्हता तेवढा.

"काहून थांबल्या?"

"चुकेल असं वाटलं."

"कोनाच्या हिशेबानं चुकन? कागदच तं नाही."

पुढचे तीन महिने दर शनिवारी हेच. पाच सूर, मग सात, मग डाव्या हाताला दोन सुरांचा आधार. चुकीचा सूर लागला की माझा हात उचलला जायचा. भाऊ म्हणायचे, "तोच पुन्हा वाजवा. दोनदा वाजवला का ऐकनाऱ्याले वाटते, बाईनं मुद्दाम घेतला." त्यांची सगळ्यात चांगली तालीम बोलण्याची होती. ते साधं वाक्य म्हणायचे आणि मी त्याला पियानोवर उत्तर द्यायचं. "जेवल्या का?" मी खाली येणारे चार सूर. "एवढ्या लवकर?" मी दोन. "भाजी काय केली?" इथे मी अडकायची. एकदा बराच वेळ अडकले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, तुमी घरी कोनाशीच बोलत नाही का?"

मी म्हणाले, "कोण आहे बोलायला?"

ते चहा पिऊन जाताना दारात म्हणाले, "बाकीच्या दिवशी बी वाजवत जा. कोनी नसलं तरी. विचारनारं बी तुमीच, सांगनारं बी तुमीच."

मी वाजवू लागले. दुपारी, दार लावून, कारण शेजाऱ्यांनी ऐकू नये असं वाटायचं. साठीच्या बाईला लाज कशाची? पण होती. लिहिलेलं वाजवताना चुकलं तर फक्त बोट चुकतं. स्वतःचं वाजवताना जे फिकं निघतं, ते आपलंच असतं. मला दिसलं की माझ्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे आणि जे आहे ते एकाच ठिकाणी घोटाळतं. काही दुपारी झाकण लावून मी कागद काढायची आणि जुनं, सुरक्षित असं काहीतरी वाजवायची. त्यात मन रमायचं नाही. मधल्यामधे लटकल्यासारखं झालं होतं.

माघ लागता लागता मी अकोल्याला पुन्हा गेले. पिशवीत एकही पुस्तक नव्हतं. वकीलसाहेबांनी मला पाहिलं, ओळख दाखवली नाही. मी त्यांच्या उजवीकडे बाकावर बसले आणि वाट पाहिली. खूप वेळानं त्यांनी तेच तीन सूर वाजवले. मी दोन वाजवून थांबले. भाऊंनी शिकवलं होतं, पहिलं उत्तर लहान द्या, समोरच्याला जागा ठेवा.

ते माझ्याकडे वळले. "पण" म्हणाले नाहीत. त्यांनी एक सूर जोडला. मी तो घेऊन पुढे गेले. त्यांनी खालून मला अडवलं, मी वळसा घेतला. एकदा माझा सूर साफ चुकला, तोच मी पुन्हा घेतला, आणि त्यांच्या पोटातून एक आवाज आला. मंगलाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं ठसका लागला. ते हसत होते. लकव्यानंतर पहिल्यांदा.

मग दर मंगळवार. त्यांचा डावा हात, माझा उजवा. माझा डावा हात मांडीवर पडून असायचा, कारण ती बाजू त्यांची होती. त्यांना राग आला असेल तर खालचे सूर जवळजवळ, घाईनं यायचे. मंगलाताईंनी मला सांगायच्या आधीच मला कळायचं की आज व्यायामवाल्याशी भांडण झालं. चैत्रात एका दुपारी कूलरच्या घरघरीत आम्ही जे वाजवलं, तसं मी त्याआधी वा नंतर वाजवलेलं नाही. ते कुठून सुरू झालं ते आठवतं, पुढचं नाही. संपलं तेव्हा मंगलाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात पन्ह्याचे पेले होते, ते पुढे करायचं त्यांना सुचत नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आज पुष्कळ बोललात तुम्ही दोघं."

शाळेत एवढे कार्यक्रम केले, एवढी बक्षिसं घेतली. त्या वाक्यापुढे त्यांतलं काही मला मोठं वाटत नाही.

मृगाच्या आधी केतकी बंगळूरहून आली. आईला एकटीनं हे झेपत नाही, म्हणून दोघांना घेऊन जाणार होती. चाळिशी ओलांडलेली, केस आखूड, आईसारखं हसणं. मंगलाताई सामान बांधत होत्या. आम्ही दोघी अंगणात होतो. मी कित्येक वर्षं मनात घोळवलेलं सांगितलं. पेन्सिल, ते सात-आठ सूर, तिचं पियानो सोडणं. म्हणाले, "ते फार चांगले सूर होते, केतकी. मला तेव्हा कळलं नाही. माझ्यामुळे तुझं वाजवणं गेलं."

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. "मिस, मला यातलं काहीच आठवत नाही. मी बॅडमिंटनसाठी सोडला पियानो. शाळेच्या टीममध्ये घेतलं होतं ना." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "तुम्ही खूप छान शिकवायच्या."

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी जी गोष्ट एवढी वर्षं जपून ठेवली, ती तिच्याकडे नव्हतीच. मी एकटीच ती वागवत होते.

निघायच्या दिवशी वकीलसाहेबांना पियानोपाशी नेलं. त्यांनी पट्टीवर हात ठेवला, पण दाबली नाही. गाडीत बसवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पण." मी मान डोलावली. पियानोवर चादर टाकून मंगलाताईंनी घराला कुलूप लावलं. मंगळवारची गाडी मी दोन-तीनदा सवयीनं पकडायला निघाले आणि बडनेऱ्याहून परत आले.

भाऊंची शनिवारची तालीमही त्याच सुमारास संपली. मुलानं त्यांना चांदूरला बोलावून घेतलं. जाताना म्हणाले, "आता मले शिकवाचं राहिलं नाही. वाजवाचं राहिलं, ते तुमी करसान."

थंडी सुरू झाली होती. दुपारी फोन वाजला. मंगलाताई. वकीलसाहेब आठ दिवसांपूर्वी गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. त्या नीट, शांतपणे सांगत होत्या. मी काय बोलले आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, "मिस, एक मागू का? चैत्रात त्या दिवशी तुम्ही दोघांनी वाजवलं होतं, ते ऐकवाल? मी फोन कानाशी धरून बसते."

कपाटात माझ्या सगळ्या आयुष्याचे कागद होते. कोणत्या परीक्षेला कोणता तुकडा, सगळं नीट लावलेलं. आणि हे एक कुठेच नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "ते मला येत नाही. ते कोणालाच येत नाही आता. तेव्हाचं तेव्हाच होतं."

मग त्या म्हणाल्या, "बरं. मग जे येईल ते वाजवा."

मी फोन पियानोवर ठेवला आणि उजव्या हातानं तीन सूर वाजवले. सवयीनं थांबले. डावीकडून काही आलं नाही. पलीकडे मंगलाताई वाट बघत होत्या. तेव्हा मांडीवरचा डावा हात मी उचलला आणि वकीलसाहेबांचं उत्तर मीच दिलं.